फ्लॅट घेणाऱ्याने एजंट व्हावे का?

२० तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर ‘आयबीपीएस’ ही संस्था घेते ती ऑनलाइन परीक्षा, आणि एकट्या व्यक्तीसाठी १० हजार रुपये नोंदणी शुल्क. महाराष्ट्रात बिल्डरच्या प्रकल्पातले फ्लॅट विकून देणारा एजंट व्हायचे तर मुख्य अटी एवढ्याच. नोंदणी पाच वर्षे चालते. प्रशिक्षण आणि परीक्षेची अट महारेरा या नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२३ च्या आदेशाने घातली आणि १ जानेवारी २०२४ पासून तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. त्याच वर्षी प्रमाणपत्र सादर न केल्यामुळे सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. म्हणजे अट कागदावरची नाही.

तरीही ही वाट जवळची वाटते. त्यामुळे राहत्या घराखेरीज एखाद-दुसरा फ्लॅट घेऊन ठेवलेल्या पुण्या-मुंबईच्या पगारदारांना हल्ली एक प्रश्न पडतो : दर व्यवहारात दलाली दुसऱ्याला का द्यायची? आपणच नोंदणी करून घेतली तर?

या प्रश्नावर एका मामा-भाचीचे पटत नाही. मामा कोथरूडमध्ये पंचवीस-तीस वर्षे इस्टेट एजंटचे काम करतात. बहुतेक रीसेल आणि भाड्याचे. भाची हिंजवडीत आयटीत आहे. वाकडचा तिचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, दुसऱ्याचे बांधकाम ताथवड्यात चालू आहे.

“मामा, हिशेब साधा आहे,” भाचीने सुरुवातच आकड्यांनी केली. “ताथवड्याचा फ्लॅट ८० लाखांचा. एजंटला बिल्डरनं दोन टक्के दिले असं धरा, १ लाख ६० हजार. माझी नोंदणी असती तर ते पैसे मलाच मिळाले असते. १० हजारांची फी पहिल्याच व्यवहारात वसूल. यात वाईट काय?”

मामांनी आधी कायदा काढलाच नाही. त्यांनीही हिशेबच मांडला.

“ते दोन टक्के तुला कमिशन म्हणून मिळणार, म्हणजे ते उत्पन्न झालं. बिल्डर त्यातून टीडीएस कापणार आणि रिटर्न भरताना ते तुझ्या पगारात मिळवावं लागणार. तू ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेस. सेस धरून जवळजवळ ५० हजार करात गेले. हातात राहिले १ लाख १० हजार. आता दुसरी वाट बघ. तू एजंटशिवाय थेट साइटवर गेलीस आणि म्हणालीस, मध्ये कोणी नाही, तेवढे किमतीतच कमी करा. करारनामा ७८ लाख ४० हजारांचा झाला. १ लाख ६० हजार तर वाचलेच. त्यावरचा पाच टक्के जीएसटी वाचला, आठ हजार. बाईच्या नावावर घर असलं की आपल्याकडे मुद्रांक शुल्क सातच्या ऐवजी सहा टक्के, तर तेही ९,६०० रुपयांनी कमी झालं. एकूण १ लाख ७७ हजार ६००. नोंदणी न करता.”

“रेडी रेकनरची किंमत करारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्याच किमतीवर लागतं, ते वाचणार नाही,” भाची म्हणाली. “आणि खरेदी किंमत कमी दाखवली की विकताना नफा तेवढा जास्त दिसणार.”

“दिसेल ना. १ लाख ६० हजारांवर साडेबारा टक्के म्हणजे २० हजार, तेही विकशील त्या वर्षी. तरी सवलतच भारी पडते.”

हिशेब मामांच्या बाजूने असला तरी बाजाराची एक रीत त्यात आलेली नाही. दर उघडपणे खाली आणायला बरेच बिल्डर तयार नसतात. शेजारच्या विंगमध्ये आधी बुकिंग केलेल्या ग्राहकाला ते कळते आणि तो भांडायला येतो. चॅनल पार्टनरला, म्हणजे ग्राहक आणणाऱ्या एजंटला दिलेले कमिशन मात्र करारनाम्यात कुठे दिसत नाही. म्हणून थेट येणाऱ्या ग्राहकाला सवलत नाकारायची आणि एजंटला सढळ हाताने द्यायचे, असे प्रकार होतात. भाचीच्या म्हणण्यात एवढा दम आहेच. पण पगारदार गुंतवणूकदार फ्लॅट किती वेळा घेतो? चार-पाच वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी एक व्यवसाय अंगावर घ्यावा का, हा प्रश्न राहतोच.

भाचीचा दुसरा मुद्दा माहितीचा होता. तिचा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. तिथे ७५ तासांचा अभ्यासक्रम आणि राज्याची परीक्षा देऊन त्याने परवाना घेतला, कारण विक्रीला आलेल्या घरांची आणि झालेल्या सौद्यांची सगळी तपशीलवार माहिती एजंटांच्या सामायिक यादीत असते आणि ती पूर्णपणे परवानाधारकांनाच उघडते. “त्याला घर बाजारात आल्या आल्या कळतं. मला मात्र जाहिरात बघून कळतं, तोवर चांगले फ्लॅट गेलेले असतात.”

“तिथे ती यादी आहे म्हणून परवान्याला किंमत आहे,” मामा म्हणाले. “आणि तिथेसुद्धा नवशिक्याला ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, कमिशनचा वाटा त्याला द्यावा लागतो. आपल्याकडे तशी यादीच नाही. उलट आपल्याकडे जे आहे ते सगळ्यांना खुलं आहे. एखाद्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट खरोखर किती रुपयांना नोंदला गेला ते नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टूमध्ये बघायला मिळतं. मंजूर नकाशे, कार्पेट क्षेत्र, प्रकल्पावरचे खटले, बोजा, किती फ्लॅट विकले गेले, ताबा कधी, हे सगळं महारेराच्या साइटवर. त्यासाठी एजंट कशाला व्हायला पाहिजे? दोन संध्याकाळी बसून वाचलंस तर साइटवरच्या पोरापेक्षा तुला जास्त कळेल.”

“परीक्षा असल्याशिवाय कोण वाचतं, मामा?”

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. विसार देऊन झाल्यावर सर्च रिपोर्ट मागणारे, सात-बारा आणि फेरफार न बघता प्लॉट घेणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, ही रेरा कायद्याच्या कलम १३ मधली तरतूदसुद्धा अनेकांना वीस टक्के भरून झाल्यावर समजते. गुंतवणूकदाराने एजंटांसाठीचा अभ्यासक्रम केला तर त्याचे पैसे नक्की वाचतील. प्रशिक्षण आणि परीक्षा एक पायरी, नोंदणी ही पुढची वेगळी पायरी. पहिली चढलेल्या माणसाने दुसरी चढलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि ही मोकळीक बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

लवकर मिळणाऱ्या माहितीचे आकर्षण मात्र मामांना धोक्याचे वाटते. गुंतवणूकदाराला हवा असतो तो ‘प्री-लॉन्च’चा भाव. पण प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी त्याची जाहिरात किंवा बुकिंग करायला कलम ३ ची मनाई आहे, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री घडवून आणायला एजंटला कलम १० ची. एजंटने ती मोडली तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. “म्हणजे ज्या भावासाठी तू एजंट होणार,” मामा म्हणाले, “तो भाव दुसऱ्या कोणाला मिळवून देणं एजंट झाल्यावर तुला पूर्ण बंद.”

इथवर बोलणे नफ्या-तोट्याचे होते. मग भाचीने सहज एक गोष्ट सांगितली आणि मामांचा आवाज बदलला. ताथवड्याच्या साइटवर तिने ऑफिसमधल्या काही मैत्रिणींना नेले होते. त्यांनी बुकिंग केले. बिल्डरच्या माणसाने आधी गिफ्ट व्हाउचर दिले, पुढच्या वेळी खात्यात रक्कम जमा केली आणि म्हणाला, आणखी लोक आणा, दर वाढवून देतो.

“ते पैसे कशाचे म्हणून घेतलेस?”

“रेफरलचे. सगळेच घेतात.”

“तुझ्याकडे नोंदणी क्रमांक आहे?”

“नाही. म्हणूनच तर विचारतेय.”

लायसन्स काढावे की नाही, हा प्रश्न खरा उभा राहतो तो इथे. रेरा कायद्याने एजंटची जी व्याख्या केली आहे तिच्यात पाटी लावून बसलेला दलाल तर येतोच. पण कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल कमिशन किंवा अन्य रूपात मोबदला घेणारा माणूसही येतो. मोबदल्याची किमान मर्यादा तिथे दिलेली नाही. आधीच्या ग्राहकाला एकदा मिळालेले व्हाउचर आणि माणसामागे ठरलेला दर यांत फरक आहे, असा युक्तिवाद करता येईल. ‘आणखी लोक आणा’ असे ठरल्यानंतर तो टिकणे अवघड आहे. कलम ९ नुसार नोंदणीशिवाय असे काम करता येत नाही, आणि त्यालाही कलम ६२ चाच दंड आहे.

आयटी कंपन्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत, सोसायट्यांच्या गटांत हे रोज चालते. ‘माझ्या ओळखीचा बिल्डर आहे, माझं नाव सांग’ असे म्हणणारा स्वतःला एजंट समजत नाही, समोरचाही त्याला मित्रच समजतो. मित्राने सुचवलेला फ्लॅट माणूस कमी चौकशी करून घेतो, म्हणून त्या शिफारशीमागे पैसे आहेत हे त्याला माहीत असायलाच हवे. नोंदणीची गरज सर्वांत जास्त आहे ती या लोकांना. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घर घेणाऱ्याला ती अजिबात नाही.

“तुझ्या मैत्रिणींना ठाऊक आहे का, तुला पैसे मिळाले ते?” मामांनी विचारले.

भाची थोडा वेळ बोलली नाही. “एकीला माहीत आहे.”

“उद्या ताबा लांबला तर? त्या बिल्डरकडे नंतर जातील, आधी तुझ्याकडे येतील.”

“तेच म्हणतेय मी. नोंदणी केली की सगळं उघड होईल. प्रत्येक व्यवहारात माझा नंबर लिहावा लागेल, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतील. चोरून घेण्यापेक्षा ते बरं नाही का?”

“बरंच आहे,” मामांनी मान्य केले. “पण मग तू गुंतवणूकदार कुठे राहिलीस? तिथंच माझी अडचण आहे.”

मामांची अडचण रेरापेक्षा कितीतरी जुन्या कायद्यात लिहिलेली आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्याच्या कलम २१६ खाली एक छोटे उदाहरण दिले आहे. एक माणूस आपल्या एजंटला अमुक घर विकत घेऊन द्यायला सांगतो. एजंट येऊन सांगतो की ते मिळत नाही, आणि स्वतःच घेऊन टाकतो. पुढे मालकाला हे कळले, तर एजंटने ज्या किमतीला घर घेतले त्याच किमतीला ते आपल्याला द्यायला तो भाग पाडू शकतो. शेजारच्या कलम २१५ मधले उदाहरण आणखी बोचरे आहे. मालमत्ता विकायला दिलेल्या एजंटला तिथे खाण सापडते. मालकाला तिचा पत्ता नसतो. एजंट सांगतो, मीच घेतो. पण खाणीबद्दल गप्प राहतो. असा व्यवहार मालकाला नाकारता येतो.

दीडशे वर्षांपूर्वी ही उदाहरणे लिहिणाऱ्यांना गुंतवणूकदार-एजंट नेमका माहीत होता. त्याच्या डोक्यात दोन यंत्रे एकाच वेळी चालू असतात. बाणेरच्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला मुलाकडे जायचे आहे, फ्लॅट घाईने विकायचा आहे, भाव बाजारापेक्षा दहा-बारा लाखांनी कमी सांगतायत. एजंट म्हणून त्याचे काम त्यांना सांगणे, की थांबा, भाव कमी लावताय. गुंतवणूकदार म्हणून त्याचा हात चेकबुकाकडे जाणार.

“मला पंचवीस वर्षांत असे कितीतरी फ्लॅट दिसले,” मामा म्हणाले. “एकही घेतला नाही. चांगुलपणा म्हणून नाही. एक घेतला असता आणि कॉलनीत कळलं असतं, तर पुढचा माणूस किल्ली माझ्याकडे ठेवायला आला नसता.”

“पण आधीच सांगून घेतला तर? मी एजंट आहे, हा फ्लॅट मलाच हवाय, तुम्ही दुसऱ्या एजंटकडून भाव काढून घ्या. लेखी.”

“तर कायद्याला हरकत नाही. असं लेखी देणारा एजंट मात्र दाखव मला.”

भाचीला हे बोलणे लागले, पण तिने मुद्दा सोडला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवानाधारकाने स्वतःसाठी घर घेताना आपण परवानाधारक आहोत हे समोरच्याला सांगावे लागते. मावसभावाने ते तिला सांगितले होते. म्हणजे प्रश्न सुटण्यासारखा आहे. आपल्याकडे तशी सवय लावून घेतलेली नाही.

प्राप्तिकराची बाजू मामांना अर्धवट माहीत होती, पण त्यांनी काढली ते बरे झाले. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकला की नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो. त्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दुसऱ्या घरात पैसे गुंतवले किंवा ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत ठेवले तर सूटही मिळते. पण हाच नफा धंद्याचा आहे असे प्राप्तिकर खात्याने ठरवले तर या सवलती जातात आणि कर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे, ३० टक्क्यांपर्यंत लागतो.

यावरचा गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये जी. वेंकटस्वामी नायडू आणि कंपनीच्या प्रकरणात दिला. कोइमतूरमधल्या एका गिरणीची मॅनेजिंग एजंट असलेल्या या पेढीने गिरणीला लागून असलेले जमिनीचे चार तुकडे १९४१-४२ मध्ये सुमारे ८,७०० रुपयांना घेतले आणि १९४७ मध्ये त्याच गिरणीला ५२,६०० रुपयांना विकले. जमिनीचा धंदा नाही, पाच वर्षे विक्रीही नाही. तरी न्यायालयाने तो व्यापाराच्या स्वरूपाचाच उद्योग मानला. पेढीने जमीन घेतली तीच गिरणीला विकण्याच्या हेतूने, असा निष्कर्ष निघाला.

“म्हणजे मी एजंट झाले की माझे फ्लॅट दुकानातला माल?” भाचीने विचारले.

तसे आपोआप होत नाही. हेतू काय होता, मालमत्ता किती वर्षे ठेवली, भाडे खाल्ले का, खरेदी-विक्री किती वेळा झाली, पैसा कर्जाचा की स्वतःचा, हे सगळे एकत्र बघितले जाते आणि कोणतीही एक कसोटी निर्णायक नसते. वाकडचा फ्लॅट वर्षानुवर्षे भाड्याने आहे. नोंदणीमुळे त्याला धक्का लागण्याचे कारण नाही. ताथवड्याचा मात्र ताबा मिळायच्या आत विकायचा तिचा विचार आहे. एजंटचे उत्पन्न दाखवणाऱ्या रिटर्नमध्ये अशा दोन-तीन विक्र्या दिसल्या तर प्रश्न विचारला जाईल. त्यातून बांधकामातला फ्लॅट पुढे विकणाऱ्याला महाराष्ट्रात खरा फायदा मिळतो तो वेगळ्याच ठिकाणी. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ठरावीक मुदतीत पुढे विकला तर आधी भरलेले मुद्रांक शुल्क नव्या करारातून वजा मिळते. ही मुदत पूर्वी एक वर्ष होती, २०२२ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षे केली. ही सवलत गुंतवणूकदार म्हणूनच मिळते, त्यासाठी एजंट व्हावे लागत नाही.

“मग तू एवढी मागे का लागली आहेस?” मामांनी शेवटी विचारले. “हिशेब जमत नाही हे तुलाही दिसतंय.”

“नोकरीची खात्री नाही, मामा. आमच्या मजल्यावरची अर्धी टीम गेली. पंचेचाळिशीला मला कोण घेणार? लोक मला विचारतात घराबद्दल, मला ते समजावून सांगायला आवडतं आणि मला ते जमतं.”

“हे आधी सांगायचंस. हा प्रश्न वेगळा आहे. फ्लॅटवर फ्लॅट घेण्यासाठी लायसन्स काढू नकोस. पण लोकांना घर घेऊन द्यायचा धंदा करायचा असेल तर काढ, आणि मग पाच वर्षं स्वतःसाठी त्या भागात काही घेऊ नकोस. आणि आधी नेमणूकपत्र वाच. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायचा नाही असं कलम त्यात असतं.”

पाच वर्षांची अट भाचीला जाचक वाटली आणि तिने ती मानली नाही. पण तिच्याकडेही मामांसाठी एक प्रश्न होता. रेराच्या कलम ९ ची सक्ती बिल्डर विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांपुरती आहे. सदाशिव पेठेतल्या चाळीस वर्षे जुन्या इमारतीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला ना प्रशिक्षण लागते ना क्रमांक.

“मी मैत्रिणींना साइटवर नेलं तर मला दंड. तुम्ही रीसेलमध्ये दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेता, तुमच्यावर कोण लक्ष ठेवतं?”

“करार कायदा आहेच ना. आत्ताच सांगितला.”

“त्यासाठी दिवाणी कोर्टात जायला लागतं. त्या बाणेरच्या आजी-आजोबांनी जायचं? किती वर्षं?”

मामांकडे याला उत्तर नव्हते, आणि कायद्याकडेही आज ते नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या भागांत घरांची जी उलाढाल होते त्यातली बरीचशी रीसेलची आहे. निवृत्त माणसे, विधवा, परदेशातल्या मुलांचे आई-बाप आपली आयुष्यभराची कमाई तिथेच विकतात, आणि तिथेच एजंटला नोंदणी लागत नाही. ही मोकळी जागा भरली पाहिजे.

बोलणे संपले तेव्हा भाचीने प्रशिक्षणाच्या पुढच्या बॅचला नाव घालायचे ठरवले. नोंदणीचा अर्ज नेमणूकपत्र वाचून झाल्यावर. खात्यात आलेली रेफरलची रक्कम ती रिटर्नमध्ये दाखवणार आहे, उरलेल्या मैत्रिणींना सांगणार आहे, आणि तोवर बिल्डरकडून काही घेणार नाही. मामांनी आपल्या रीसेलच्या गिऱ्हाइकांसाठी एक पानाचा मजकूर करायचे कबूल केले : दलाली किती, कोणाकोणाकडून, आणि या जागेत एजंटचा स्वतःचा काही हितसंबंध आहे का. भाचीने त्यात एक ओळ वाढवायला लावली : एजंटच्या घरच्यांचाही.